मी नापास केलेला लोडर

गिऱ्हाईक मला सोबत घेऊन यार्डात शिरलं की जुनी मशिनं विकणाऱ्या शेठलोकांच्या कपाळावर आठी येते. त्यांना मी आवडत नाही आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट त्यांच्यातला एखादा "या मिस्त्री, बसा, थंड घ्या" म्हणत हात धरून खुर्चीत बसवायला लागला, की त्या दिवशी मी मशीन दुप्पट वेळ बघतो.

मी शब्बीर, भिंगारचा. लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर म्हणून नोकरी केली. मोठ्या मशिनींचे हायड्रॉलिक पंप उघडायचे, दुरुस्त करायचे आणि बंद करायचे, यात उमर गेली. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, सकाळी नमाज, मग पेपर, मग नातवंडं. बायको म्हणाली, "दोन महिन्यांत घराबाहेर पळाल." मी पंधरा दिवसांतच पळालो. ओळखीच्या एका माणसाला जुना स्किड लोडर घ्यायचा होता, तो मला बघायला घेऊन गेला. तेव्हापासून हेच चाललं आहे. विकत घेणाऱ्याच्या बाजूने मशीन तपासायचं आणि "घ्या" किंवा "घेऊ नका" असं तोंडावर सांगायचं. हे वाचायला सोपं वाटेल. पण समोर विकणारा उभा, शेजारी घेणारा उतावीळ आणि दोघांनाही तुमच्या तोंडून एकच उत्तर ऐकायचं आहे, अशा वेळी दुसरं उत्तर देऊन बघा.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्किड लोडर म्हणजे छोटा, बुटका लोडर. पोल्ट्रीचं शेड, गोठा, विटांचा कारखाना, जिथे मोठं मशीन वळत नाही तिथे हा शिरतो. याला स्टिअरिंग नसतं. डावीकडची दोन चाकं डाव्या हातातल्या दांड्यावर, उजवीकडची दोन उजव्या. वळायचं असलं की एका बाजूची चाकं थांबवायची, मग तो जागच्या जागी घसरत फिरतो. ड्रायव्हरच्या दोन्ही खांद्यांच्या बाजूने दोन लोखंडी हात पुढे गेलेले असतात. त्यांना बूम म्हणतात, पुढची बकेट त्यांच्यावर उचलली जाते. केबिनला दार समोरून. म्हणजे चढणारा-उतरणारा माणूस त्या दोन हातांच्या मधूनच ये-जा करतो.

बघायला गेलो की मी आधी इंजिनला हात लावतो. ते थंडच पाहिजे. दमलेलं इंजिन गरम असताना एका सेल्फला चालू होतं, थंड असताना खरं बोलतं. एकदा राहुरीच्या बाजूला एक विकणारा शपथ घेऊन सांगत होता, "आठ दिवस हात लावला नाही हो मशीनला." थंडीचे दिवस होते आणि बॉनेटवर एक मांजर पाय ताणून झोपलं होतं. मी म्हटलं, "आपण या मांजरालाच विचारू." घेणारा हसला, विकणारा हसला नाही.

मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचं आणि तोंडावर उलटं ठेवायचं. नुसतं थरथरलं तर ठीक, उडालं तर आतल्या रिंगा गेल्या. तासांचं मीटर मी सगळ्यात शेवटी बघतो, कारण ते कुणालाही मागे नेता येतं. झिजलेलं पेडल, गुळगुळीत झालेला दांडा आणि ढिल्या पिना मागे नेता येत नाहीत. नंतर तासभर मशीन मातीच्या ढिगाऱ्यात घालायचं. तेल तापलं की दमलेला पंप मान टाकतो आणि मशीन एका बाजूला ओढायला लागतं. आणि सीटवरचा आडवा बार. तो वर केला की बूमचं तेल बंद झालं पाहिजे, म्हणजे ड्रायव्हर उतरताना चुकून पाय पेडलवर पडला तरी बूम हलणार नाही.

या बारबद्दल मला बोललंच पाहिजे. टाळावंसं वाटतं, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

सुरुवातीच्या काळात खर्ड्याच्या एका गोठेवाल्यासाठी मी एक लोडर पाहिला होता. इंजिन छान, पंप छान. बारच्या स्विचला मात्र कुणीतरी वायर जोडून तो कायमचा चालू करून ठेवला होता. बरेच ड्रायव्हर तसं करतात, सारखं सारखं बार खाली घ्यायचा कंटाळा. मला ती वायर दिसली. मालकाला म्हटलं, "हे सवडीने जोडून घ्या." मालक म्हणाला, "घेतो की." आणि मी "घ्या" म्हणून सांगितलं. जेवायची वेळ झाली होती आणि मशीन मला आवडलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं.

त्या गोठ्यावर महादू नावाचा ड्रायव्हर होता. दोन महिन्यांनी बकेटला चिकटलेलं शेण काढायला तो इंजिन चालू ठेवून केबिनमधून बाहेर वाकला आणि त्याचा पाय पेडलवर पडला. बूम खाली आला. उजवा हात कोपरापासून गेला. मी त्याला बघायला दवाखान्यात गेलो तेव्हा तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "मिस्त्री, तुमी बगून दिलं हुतं ना वो?"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या दिवसापासून "सवडीने करून घ्या" हे वाक्य मी तोंडातून काढून टाकलं.

आता मूळ गोष्ट. पाथर्डीकडच्या एका वस्तीवरून सुमनताई माझ्याकडे आल्या, सोबत त्यांचा दीर. वय चाळिशीच्या आतबाहेर, हात माझ्या हातांपेक्षा राठ. पाच घरांच्या वतीने आल्या होत्या. ही पाचही घरं दर वर्षी ऊस तोडायला जात. यंदा त्यांनी ठरवलं होतं की जायचं नाही. नगरजवळच्या एका पोल्ट्रीवाल्याची सहा शेडं, त्यांतलं खत काढून भरून देण्याचं काम त्यांना बोलीने मिळालं होतं. त्यासाठी लोडर हवा होता आणि सोमवारपासून काम सुरू करायचं होतं. आले त्या दिवशी गुरुवार होता.

"चाचा, मशीन आमी बगून ठिवलंय," त्या म्हणाल्या. "लई देखणं हाय. तुमी फकस्त नजर टाका आन् व्हय म्हना."

"व्हय म्हणायचं ठरलंच असेल तर मला कशाला नेता?" मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "माझ्या मालकाची कंबर फडात गेली. मोळी घिऊन फळीवरून पडले. आता चुलीम्होरं बसून असत्यात. या मशीनवर पाच घरं बसनार हायती. म्हनून नेते."

यार्ड नगर-मनमाड रस्त्याला. मालकाला सगळे भाऊशेठ म्हणत. हे नाव ऐकलं आणि माझा पाय जड झाला. माझा मुलगा सलीम वेल्डिंगचं गॅरेज चालवतो आणि त्याचं अर्ध्याहून जास्त काम भाऊशेठच्या यार्डातून येत होतं. घरी सांगितलं तेव्हा सलीम जेवता जेवता थांबला. आम्ही घरात दखनी बोलतो, इथे मराठीत लिहितो. तो म्हणाला, "अब्बा, त्या बाईंना दुसरा मिस्त्री सांगा. तुम्ही जाऊ नका."

"मशीन चांगलं असलं तर?"

"चांगलं असलं तर दुसरा मिस्त्रीही चांगलंच म्हणेल."

बोलणं खरं होतं. मी तरी गेलो, आणि का गेलो हे त्याला समजावून सांगितलं नाही. ती माझी चूक.

मशीन खरोखर देखणं होतं. पिवळाधमक रंग, नवी सीट, टायरला काळं पॉलिश. इंजिन थंड होतं, सेल्फ मारताच चालू झालं. झाकण उडालं नाही. सीटचा बार मी तीनदा वरखाली करून बघितला, स्विच बरोबर चालत होता. सुमनताईंच्या चेहऱ्यावर तपासणीगणिक उजेड येत होता आणि भाऊशेठ खुर्चीत रेलून म्हणत होता, "बघा बघा मिस्त्री, सावकाश बघा. लपवायला काय आहे?"

माझ्या खिशात जुन्या स्पीकरमधलं एक लोहचुंबक असतं. फडक्यात गुंडाळून ते मी बूमवरून फिरवत नेतो. लोखंडावर ते ओढ घेतं. डाव्या बूमच्या मुळाशी, जिथे तो मागच्या खांबाला पिनेने जोडलेला असतो, तिथे ते एकदम सैल पडलं. चार बोटं रुंदीच्या जागेत पकडच नाही. म्हणजे रंगाखाली लोखंड नव्हतं, पुटी होती. मोटारीचा पत्रा चेपला की गॅरेजवाले भरतात तीच. मी पान्याने ठोकलं. आजूबाजूला टण्ण, तिथे भद्द.

"भाऊशेठ, इथे काय भरलंय?"

"पोचा असेल. रंगवाल्याने सारखं केलं असेल."

बूमला पोचा सहसा पडत नाही. मी यार्डातल्या मुरमाच्या ढिगावर मशीन घातलं आणि तासभर भरलेली बकेट वर-खाली केली. मग बंद करून त्या जागेवर डिझेलचा बोळा फिरवला. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळत नाही. कोरड्या फडक्याने पुसून घेतलं आणि वरून पांढरा खडू घासला. तडा असेल तर त्यात शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि खडू ओला होतो. युक्ती जुनी आहे, पण खोटं बोलत नाही.

आम्ही सगळे तिथे उभे राहिलो. पाच-सात मिनिटांनी पांढऱ्या खडूवर एक काळसर रेघ उमटली. केसासारखी बारीक, पण वाढत गेली ती वीतभर झाली.

"हे काय वो?" सुमनताईंनी विचारलं.

"बूमचं वेल्डिंग तडकलंय. वर पुटी आणि रंग."

"रंग तडकलाय!" भाऊशेठ खुर्चीतून उठला. "नवीन रंग आहे, उन्हाने तडकतो. कुणाच्या डोक्यात काय भरवताय?"

मी म्हटलं, "ठीक आहे. ग्राइंडर आणा. तेवढ्या जागेचा रंग मी काढतो. खाली लोखंड साबूत निघालं तर रंग माझ्या हाताने परत लावून देईन आणि या सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

हे मी मनापासून म्हणत होतो. तडा गेलेलं मशीन म्हणजे मेलेलं मशीन नव्हे. तडा पूर्ण उघडून, खोल घासून, चांगल्या वेल्डरकडून भरून घेतला आणि वर पट्टी मारली तर ते वर्षानुवर्षं चालतं. अशी मशिनं मी स्वतः घ्यायला लावली आहेत. पण त्यासाठी आधी ते उघडावं लागतं.

"माझ्या मशीनला ग्राइंडर लावायचा नाही," भाऊशेठ म्हणाला. मग आवाज खाली घेतला. "मिस्त्री, सलीम माझ्याकडे काम करतो ना?"

"करतो."

"मग?"

"मग काय? उघडा नाहीतर मी नाही म्हणतो."

"विचार करून बोला."

"विचार खर्ड्याला करायचा होता, तो तेव्हा केला नाही," मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही. कळावं म्हणून म्हटलंही नव्हतं.

सुमनताईंनी मला बाजूला घेतलं. वाटलं, धीर द्यायचा प्रसंग आला. पण त्या भडकलेल्या होत्या. "तुमाला काय जातंय न्हाई म्हनायला? सोमवारी मशीन न्हाई उबं केलं तर काम दुसऱ्याला जानार. आन् आमी परत फडात. दोन-चार म्हैने चाललं तरी बास की वो! पुडचं पुडं बगू."

खरंच, मला काय जात होतं? मी घरी जाऊन भाकरी खाणार होतो. मी एवढंच सांगितलं, "ताई, भरलेली बकेट वर असताना हे वेल्डिंग सुटलं तर बूम एका बाजूने खाली येईल. खाली तुमच्या पाच घरांतलं कोण उभं असेल ते मला सांगा, मग मी व्हय म्हणतो."

त्यांनी दिराकडे पाहिलं. दीर जमिनीकडे बघत होता. मग सुमनताईंनी पदर खोचला, मशीनजवळ गेल्या, खडूवरच्या रेघेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं डिझेल हुंगलं आणि भाऊशेठला म्हणाल्या, "न्हाई घ्यायाचं."

आम्ही फाटकातून बाहेर पडत असताना मागून आवाज आला, "मिस्त्री, पोराला सांग, उद्यापासून माझ्या यार्डात पाय ठेवायचा नाही!" इतकी वर्षं "तुम्ही" म्हणणारा माणूस "तू"वर आला होता. मी वळलो आणि म्हटलं, "सांगतो. आणि रंग का लावलाय तेही सांगतो, विचारेल त्याला."

सलीम तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. सून वाढायची, तो खाली मान घालून जेवायचा. माझं चुकलं नव्हतं, पण किंमत त्याला मोजावी लागली होती, आणि मला कुणी विचारलं असतं की मुलाच्या पोटावर पाय देऊन कसला मोठेपणा, तर मी मान खाली घातली असती. "नाही" मात्र तरीही म्हटलंच असतं.

सोमवारी पोल्ट्रीवर गेलो. वाटलं होतं, दुसऱ्याचं मशीन चालू असेल. तिथे सुमनताई, पाचही घरांतल्या बायका-माणसं, तोंडाला फडकी बांधून फावड्यांनी खत ओढत होती, घमेल्यांनी ट्रॉली भरत होती. शेडातल्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. पोल्ट्रीचा मालक बाहेर उभा राहून म्हणाला, "मी नको म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, शेड वेळेत रिकामं झालं नाही तर हाकला."

सुमनताईंनी मला पाहिलं आणि फावडं न थांबवता म्हणाल्या, "ऊस तोडनाऱ्याला हे काम म्हंजी काय न्हाई. पर पंदरा दिस. त्याच्या आत मशीन हुडका, चाचा. न्हाई म्हनायला आलात, आता व्हय म्हनायलाबी या."

संध्याकाळी घरी सलीमला मी हे सगळं सांगितलं. फावड्यांचं, ट्रॉलीचं, डोळ्यांतल्या पाण्याचं. तो ऐकत राहिला. सकाळी मोटरसायकल काढून म्हणाला, "श्रीरामपूरकडे एक विटांचा कारखाना बंद झालाय. त्यांचा लोडर पडून आहे. चला."

सुमनताई आणि त्यांच्या दिरालाही तिथेच बोलावून घेतलं. तो लोडर पाहून दीर हसलाच. रंग जवळजवळ नव्हता, सगळीकडे तांबेरा. सीट फाटलेली, एक दिवा फुटका. मीटर बंद पडलेलं. पण रंग नसल्यामुळे प्रत्येक वेल्डिंग उघडं दिसत होतं. चुंबक शेवटपर्यंत चिकटून गेलं. थंड इंजिनने थोडा धूर सोडला, खोकलं आणि लागलं. तासभर मातीत घातल्यावर डावी बाजू जरा ओढायला कमी पडली. दोष चाकं फिरवणाऱ्या सैल साखळीचा होता, पंपाचा नाही. बूमच्या पिनांभोवतीच्या दोन कड्या, म्हणजे बुशी, झिजून गेलेल्या. आणि सीटच्या बारला वायर जोडलेली. ती मी तिथल्या तिथे पकडीने तोडली आणि नवा स्विच बसेपर्यंत मशीन हलणार नाही असं सांगितलं. कारखान्याच्या जुन्या वॉचमनने सगळी दुखणी स्वतःहून मोजून दाखवली, दोन तर मला सापडलीही नव्हती.

"घ्या," मी म्हटलं.

"ह्ये?" सुमनताई म्हणाल्या. "ते पिवळं सोडून ह्ये?"

"हेच."

सलीमने आठ दिवस स्वतःचं गॅरेज बंद ठेवून बुशी बदलल्या, साखळी ताणली, स्विच बसवला. ड्रायव्हर कोण, यावर वस्तीत दोन दिवस वाद झाला. तीन पुरुषांनी प्रयत्न केला. ट्रॅक्टर चालवायची सवय असल्याने प्रत्येकाचा हात नसलेल्या स्टिअरिंगला शोधायचा आणि लोडर भिंतीकडे जायचा. सुमनताईंनी कधी काहीच चालवलं नव्हतं, त्यामुळे विसरायचं काही नव्हतं. चौथ्या दिवशी त्या शेडात जागच्या जागी मशीन फिरवून दाखवत होत्या. उतरण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, मग बार वर. हे मी त्यांच्याकडून इतक्या वेळा करून घेतलं की त्या म्हणाल्या, "चाचा, शाळेत मास्तर असं मागं लागलं असतं तर मी कलेक्टर झाले असते."

त्या वर्षी पाचांपैकी चार घरं फडात गेली नाहीत. पाचवं गेलं, त्यांना धीर धरवला नाही, त्यांना मी नावं ठेवणार नाही. सुमनताईंच्या मालकाला आता शेडाच्या दारात खुर्ची टाकून दिलेली असते. कोणती ट्रॉली किती भरली ते तो बघतो आणि बायकोला मोठ्याने सूचना देतो, ज्या इंजिनच्या आवाजात तिला ऐकू येत नाहीत. सलीमला भाऊशेठचं काम परत मिळालं नाही. उसाच्या ट्रॉल्यांची वेल्डिंगं करतो. भागतं. पूर्वीइतकं नाही.

राहिलं ते पिवळं मशीन. यार्डात मला बंदी होती, म्हणून मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागलो. रस्ता काही भाऊशेठचा नाही. लोडर बघायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांना मी चहा पाजला आणि कुठे बघायचं ते सांगितलं. दोन्ही परत गेली. भाऊशेठने टपरीवाल्याला दम दिला. टपरीवाला म्हणाला, "म्हातारा चहा पितो, मी काय करू?" मग एक दिवस मला ताप आला, मी दोन दिवस घरी राहिलो आणि तिसऱ्या दिवशी जागा रिकामी होती. ट्रकवर चढवून बाहेरच्या जिल्ह्यात गेलं, एवढंच टपरीवाल्याला माहीत. कुठे, ते त्यालाही माहीत नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं. दिवाळी अंक लांबपर्यंत जातात असं संपादक म्हणाले. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या दारात पिवळा, नवी काळी सीट असलेला जुना लोडर उभा असेल, तर कृपा करून बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा आणि डाव्या बूमच्या मुळाशी रंग खरवडून बघा. काही निघालं नाही तर भिंगारला येऊन मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन. काही निघालं तर आधी खाली उभ्या असलेल्या माणसाला बाजूला घ्या.